गाळणीने खाल्लेलं औषध

३ मार्च, मंगळवार

आधी घडलं ते क्रमाने. मत नंतर, उरलं तर.

१. सकाळी सहा बाटल्यांत स्वच्छ पाणी घेतलं. प्रत्येकीत तेच वेदनाशामक औषध, तेवढंच घातलं. कोळसा एकीतही घातला नाही.
२. तीन बाटल्यांतलं पाणी थेट मोजणीच्या यंत्राला दिलं. उरलेल्या तिन्हींतलं आधी नायलॉनच्या बारीक गाळणीतून काढलं, मग यंत्राला दिलं.
३. न गाळलेल्या पाण्यात औषध पुरेपूर सापडलं.
४. गाळलेल्या पाण्यात शंभरातले अडतीस भाग नव्हते.
५. गाळण्यांचा डबा बदलला. हातही बदलला, शेजारच्या विभागातल्या मुलीला कारण न सांगता गाळायला लावलं. पुन्हा अडतीस, एकदा सदतीस.
६. दुपारी आमच्या प्रमुख बाईंना सांगितलं.
७. बाई म्हणाल्या, "दार लाव."

आता नवख्या माणसाला सांगावं तसं पहिल्यापासून मांडते. तसं मांडलं की डोकं जागेवर राहतं.

रुग्णालयात माणसं औषधं घेतात. त्यातलं बरंचसं अंगाला न लागता सांडपाण्यात जातं. नेहमीच्या टाक्यांत घाण खाली बसते, औषध बसत नाही. म्हणून आम्ही खजुराच्या बियांचा कोळसा करतो. बिया खजूर डब्यात भरणाऱ्या कारखान्याकडून पोत्यांनी येतात. त्या बंद पिंपात हवा लागू न देता भाजायच्या, मग वाफ द्यायची. जो कोळसा हाती येतो त्याला डोळ्यांना न दिसणारी इतकी छिद्रं असतात की पाण्यातलं औषध त्यांत जाऊन चिकटून बसतं. आमच्या अहवालात लिहिलंय की शंभरातले चौऱ्याण्णव भाग निघतात. त्या चौऱ्याण्णववरून टाकीची उंची ठरली. टाकी माझा मोठा भाऊ बांधतो आहे. निविदा त्याने रीतसर भरली, त्यात माझा हात नव्हता.

उद्घाटन ३० मार्चला आहे. तोपर्यंत रुग्णालयाचं पाणी बंद पाइपातून शहराबाहेरच्या मोठ्या शुद्धीकरण केंद्राकडे जाणार. त्या दिवशी एक व्हॉल्व्ह फिरवतील आणि ते आमच्या टाकीतून खालच्या वस्तीच्या तलावात पडायला लागेल. तलाव आटत चालला आहे. वस्ती त्याचंच पाणी पिते.

आमच्या प्रयोगशाळेचा एक जुना नियम आहे. स्वच्छ ते गाळायचं नाही. गाळण्या वर्षातून दोनदा यायच्या आणि त्याही मोजून, त्या काळात बाईंनी तो घालून दिला. कोळशातून काढलेल्या पाण्यात काजळी असते, ते गाळल्याशिवाय यंत्र तुंबतं. पण ज्याच्याशी तुलना करायची ते पाणी नितळ, मग त्यावर गाळणी कशाला खर्च करा. तेव्हा एक बाजू कायम गाळलेली, दुसरी कायम न गाळलेली. गाळणीने जे खाल्लं ते आम्ही कोळशाच्या नावावर मांडत गेलो. काल तुलनेच्या पाण्यात एक धागा तरंगताना दिसला म्हणून मी नियम मोडून ते गाळलं, आणि आकडा खाली आला.

चौऱ्याण्णव हा कोळशाचा आकडा नाही. तो कोळसा आणि नायलॉनची गाळणी यांचा मिळून आहे. तलावावर कोणी नायलॉनची गाळणी बसवणार नाही.

मला राग आलेला नाही. काचेची भांडी तीनदा धुतली कारण ती नीट निघाली नव्हती.

४ मार्च, बुधवार

दार लावल्यावर काय बोलणं झालं ते काल लिहायचं राहिलं. फार झालंच नाही. बाई आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. मला त्यांनीच शिकवलं आणि त्यांनीच इथे आणलं. त्यांनी आकड्यांचा कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. हे अजून कोणाला माहीत आहे, विचारलं. कोणालाच नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "अडतीस ही गाळणीची चोरी झाली. कोळशाचा खरा आकडा कुठाय? तो हातात आल्याशिवाय तोंड उघडू नकोस."

मी म्हटलं, गाळल्याशिवाय काजळी काढायची तर सेंट्रिफ्यूज पाहिजे. पाणी गरागरा फिरवून काजळी तळाशी बसवायची. आमचं बंद पडून कितीतरी महिने झाले.

आज सकाळी माझ्या टेबलावर जीवशास्त्र विभागातल्या सेंट्रिफ्यूजच्या खोलीची किल्ली होती. त्या विभागाच्या प्रमुखांशी बाईंचं वाजलेलं आहे, समोरून आले तर बाई जिना बदलतात. बाई स्वतः दिवसभर दिसल्या नाहीत. या विषयावर माझ्याशी बोलणं टाळायचं त्यांनी ठरवलेलं दिसतं.

६ मार्च, शुक्रवार

एकाहत्तर.

तोच कोळसा, रुग्णालयाचं तेच पाणी. गाळलं तर चौऱ्याण्णव, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं तर एकाहत्तर. पाच वेळा केलं. एकोणसत्तर ते बाहत्तर यांच्या बाहेर एकही आकडा गेला नाही.

म्हणजे कोळशातून निसटतात शंभरातले एकोणतीस. त्यातले तेवीस गाळणी गिळते आणि आम्ही सहा उरले म्हणून लिहितो. उरलेलं औषध जितकं थोडं, तितका त्यातला मोठा वाटा गाळणीच्या पोटात जातो. चूक इतकी गोंडस दिसायचं कारण तेच. कोळसा जितका बरा, तितकी गाळणी त्याला आणखी बरा करून दाखवते.

खजुराच्या बियांचा यात काही दोष नाही. फुकट येणाऱ्या बियांतून एकाहत्तर ही चांगली गोष्ट आहे. तिला खोटं पाडलं ते आम्ही.

७ मार्च, शनिवार

जेवताना घरी सांगितलं. घरात आम्ही तिघं, दादा, वहिनी आणि मी. जेवणाचं टेबल दादानेच वर्कशॉपमधल्या उरलेल्या पत्र्याचं केलंय. त्याचा एक पाय आखूड आहे, आणि तो जमिनीचा दोष आहे असं त्याचं म्हणणं आहे.

दादाचा घास हातातच राहिला. "म्हणजे माझी टाकी खोटी?"

"टाकी खरी आहे. आकडा खोटा आहे."

"आकड्यावरच बांधली ना मी ती? तू दिलास, मी बांधली."

मी म्हटलं, हो. कोळशाचा थर दुप्पट लागेल असा माझा अंदाज आहे, म्हणजे टाकीही दुप्पट उंच, हे सांगितल्यावर तो पाण्याचा तांब्या घेऊन गॅलरीत गेला आणि तिथेच उभा राहिला. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग केल्यावर त्याने स्वतःची पाटी लावली. ही टाकी त्याचं स्वतःच्या नावावरचं पहिलं मोठं काम. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ती दाखवतो. पोस्टमनलासुद्धा.

वहिनी मला वन्सं म्हणते, जुन्या काळातल्यासारखं, चिडवायला. म्हणाली, "वन्सं, बातमी जेवण झाल्यावर देता येत नाही का? तुमच्या यंत्रात तेवढं एक मोजायची सोय करा, समोरच्याचं जेवण किती बाकी आहे."

मी म्हटलं, लपवून ठेवणं मला जमत नाही. ती म्हणाली, लपवायला कोण सांगतंय, वाढून तरी होऊ दे.

दादा माझ्याशी बोलत नाही. एरवी मला इंचपट्टी म्हणतो, ती हाकसुद्धा मारत नाही.

९ मार्च, सोमवार

संचालकांकडे बैठक. संस्थेत त्यांना मागून फीतकापे म्हणतात. कात्री त्यांच्या टेबलाच्या खणातच असते, हे मी स्वतः पाहिलं आहे. बैठकीला ते, बाई आणि मी.

मी दोन्ही आकडे मांडले. संचालकांनी नीट ऐकलं, हे मान्य केलं पाहिजे. मग त्यांनी सांगितलं की पद्धत मंजूर झालेली आहे, अहवाल छापलेला आहे, पाटी तयार आहे आणि गाळून मोजणं जगभर चालतं. मी म्हटलं, जग गाळतं, पण कशाने गाळतो आणि ती गाळणी स्वतः किती खाते ते आधी तपासतं. आपण तपासलं नाही.

ते हसले. "मॅडम, तुमचं शास्त्र अगदी बरोबर आहे. पण लोकांना आकडा एकच लागतो. चौऱ्याण्णव जाऊ दे पुढे. तुमचं एकाहत्तर आपण पुढच्या वर्षीच्या अभ्यासात घेऊ."

मी म्हटलं, पुढच्या वर्षीपर्यंत एकोणतीस भाग रोज तलावात जातील. रोज म्हणजे रोज, सुट्टीच्या दिवशीही.

बाई पेनाचं टोपण काढत होत्या आणि लावत होत्या. प्रमाणपत्रावर सही प्रयोगशाळेच्या प्रमुखाची लागते, म्हणजे त्यांची. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीबाहेर सायकलींची शेड आहे, पाहण्यासारखं तिथे काही नाही.

बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "दुप्पट थराचं करून बघितलंस का?"

नाही म्हटलं. आजच लावते. त्यांनीच विषय बदलला, मी नाही.

१२ मार्च, गुरुवार

काचेच्या दोन नळ्या एकावर एक जोडून कोळशाचा थर दुप्पट केला. पाणी सोडण्याचा वेग तोच ठेवला. ब्याण्णव.

सेंट्रिफ्यूजने मोजलेले, खरे ब्याण्णव. त्या खोलीत मी एकटीच होते आणि मोठ्याने काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही.

१४ मार्च, शनिवार

तलावातल्या पाण्याचा नमुना हवा होता. आज त्यात औषध किती आहे हे आधी माहीत नसेल तर उद्या कोणीही म्हणेल की ते पहिल्यापासूनच होतं. बाटल्या घेऊन खालच्या वस्तीत गेले.

तलावाच्या काठावर पाटी रोवून झाली आहे. निळ्यावर पांढरी अक्षरं, मध्ये भला मोठा ९४. खांबाचं सिमेंट अजून ओलं होतं.

वस्तीच्या पाणी समितीची अध्यक्ष कपडे शिवते, शिंपीणबाई म्हणतात तिला. काठालाच तिची खोली, मशीन दारात. मी बाटल्या भरताना ती बघत होती. फीत कापणाऱ्यांतली का, विचारलं. मी म्हटलं, मोजणाऱ्यांतली. तिने मला आत बोलावून स्टुलावर बसवलं. दोऱ्याचा रीळ तोंडाजवळ धरून तिने विचारलं, "ते चौऱ्याण्णव म्हणजे काय?"

औषधाचे शंभर भाग येतात, त्यातले चौऱ्याण्णव निघतात, असं मी सांगितलं.

"आणि सहा आम्ही प्यायचे?"

मी म्हटलं, अहवाल अजून पक्का नाही.

"मग पाटी कशी पक्की झाली?"

एकोणतीस हा आकडा माझ्या तोंडात होता, पण अहवाल बाहेर पडेपर्यंत बोलायचं नाही अशा कागदावर नोकरीला लागतानाच माझी सही आहे. तिने दोरा तोडला आणि जास्त ताणलं नाही. ताणलं असतं तर बरं झालं असतं. उठताना तिने तांब्याभर पाणी पुढे केलं, तलावातलंच, उकळून गार केलेलं. प्यायले. तहान लागली होती.

१५ मार्च, रविवार

दादा सुट्टीच्या दिवशीही वर्कशॉपमध्ये. वहिनीने त्याचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली की तिचं डोकं दुखतंय. मी निघाले तेव्हा ती गाणं म्हणत होती.

टाकी उभी आहे. सवयीने टेप लावला. उंची, व्यास, पत्र्याची जाडी, सगळं आराखड्याप्रमाणे. फक्त वरची कड वेगळी आहे. आराखड्यात ती साधी होती. दादाने तिथे बोल्टची भोकं पाडलेली एक रुंद लोखंडी कडी वेल्ड केली आहे, ज्याला ते फ्लँज म्हणतात. झाकण तर नुसतं ठेवायचं आहे, बोल्ट कशाला? साहित्य वाया घालवायची त्याची जुनीच सवय. विचारणार होते, पण आमचं बोलणं बंद आहे. डबा बाकावर ठेवला. वेल्डिंगचा मुखवटा वर न करता त्याने मान हलवली.

१६ मार्च, सोमवार

बाई परवापासून महिनाअखेरपर्यंत रजेवर जातायत. आज अर्ज दिला, आजच मंजूर झाला. प्रमुखाचा कार्यभार माझ्याकडे. तसं पत्र त्यांनी स्वतः टाइप केलं, खाली सही केली आणि संचालकांच्या कारकुनाकडून पोच घेतली.

मी विचारलं, प्रकृतीचं काही आहे का. नाही म्हणाल्या. कुठे जाताय? घरीच आहे. मग रजा कशाला, हे मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं. सहीची वेळ आली आणि हात झटकून मोकळ्या झाल्या. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, कोणाशी वाकडं घ्यायचं नसेल.

कपाटाच्या किल्ल्या आणि शिक्का दिला. म्हणाल्या, "शिक्का आता तुझ्याकडे. मागायला येतील, द्यायचा नाही. मलासुद्धा नाही."

दारापर्यंत जाऊन परत आल्या. "आणि काही लिहायची वेळ आली तर विशेषणं घालू नकोस. तुझी सवय नाही, पण रागात माणूस घालतो."

मी म्हटलं, मला राग आलेला नाही.

"बरं," म्हणाल्या, आणि गेल्या.

बाई पळाल्या. दुसरा शब्द मला सुचत नाही. ज्यांनी मला शिकवलं की आकडा आवडला नाही तरी तो लिहायचा, त्याच पळाल्या. टेबलावर त्यांचा चहाचा कप तसाच होता. मी तो धुऊन त्यांच्या कपाटात ठेवला.

१८ मार्च, बुधवार

प्रमाणपत्र सहीला आलं. चौऱ्याण्णव छापलेलं. तो आकडा खोडून वर एकाहत्तर लिहिलं, खोडलेल्या जागी सही केली, शिक्का मारला आणि परत पाठवलं. शिक्का चांगला उमटला.

१९ मार्च, गुरुवार

अपेक्षेप्रमाणे बोलावणं आलं. या वेळी संचालक हसले नाहीत, पण आवाजही चढवला नाही. माझी नेमणूक दर जूनला नव्याने होते, त्याची त्यांनी आठवण करून दिली. मी म्हटलं, मला माहीत आहे, अर्ज मीच भरते.

मग त्यांनी खुर्ची मागे केली. "टाकी तुमचे बंधू बांधतायत ना?"

"हो. तुमच्या समितीने निवडलेत."

"आता तुमच्या नव्या आकड्यामुळे टाकी दुप्पट होणार. म्हणजे बंधूंचं काम दुप्पट. मी काही म्हणत नाहीये हं. पण लोक म्हणतील. मॅडमनी गाळणीचं निमित्त काढलं आणि भावाच्या पदरात टाकलं. तुमचं शास्त्र कोण ऐकेल मग?"

उठले आणि आले. जिन्यावर एक पायरी चुकली.

त्यांनी जागा बरोबर हेरली आहे. यंत्रावर हल्ला केला असता तर मी आकडे टाकले असते. नातं मोजता येत नाही. जी टाकी दुप्पट व्हायलाच पाहिजे, ती माझ्या तोंडून निघाली की खोटी ठरते. आणि मी गप्प बसले की तलावात एकोणतीस.

आता राग आलेला आहे. नोंद करून ठेवते.

२० मार्च, शुक्रवार

संध्याकाळी वर्कशॉपमध्ये गेले. बोलणं बंद आहे याचा विचार केला नाही. दादा हात धूत होता. संचालक काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगितलं. ऐकताना त्याने साबण परत लावला.

मग म्हणाला, "वरचा भाग मी करणार नाही. तसं लिही."

मी म्हटलं, तुझं पहिलं काम आहे. अर्धवट टाकलंस तर लोक काय म्हणतील?

"अर्धवट कुठाय? आराखड्यातली टाकी पूर्ण आहे, तू टेप लावून गेलीस की रविवारी. वरचा भाग दुसऱ्याला दे. वर फ्लँज ठेवलाय. तसाच दुसरा फ्लँज जोडलेला भाग आणायचा, बोल्ट आवळायचे. ज्याच्या हातात पाना आहे त्याला जमेल."

मला तेव्हा कळलं. मी त्याला सांगितलं ते सात तारखेच्या शनिवारी, आणि तो फ्लँज त्यानंतरचा आहे. रुसलेला होता त्या दिवसांतला.

"मला वाटलं साहित्य वाया घालवलंस," मी म्हटलं.

"इंचपट्टी, तुला मोजता सगळं येतं." त्याने हात पुसले. "हे उघडं पडल्यावर मला पुढचं काम कोण देईल माहीत नाही. पण वर्कशॉपच्या पाटीवर माझं नाव आहे, आणि पाण्याला चव नसली तरी तोंड असतं. चार वर्षांनी वस्तीतलं कोणी म्हणायला नको, त्या टाकीवाल्याने बांधलं होतं."

"पाण्याला तोंड नसतं," मी म्हटलं.

"बरं, नसतं. चहा पिणार?"

त्याने एका कागदावर लिहून दिलं की टाकीचं पुढचं कोणतंही काम तो किंवा त्याचं वर्कशॉप घेणार नाही. अक्षर वाईट आहे पण वाचता येतं. मी त्याला शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या. त्याने दुरुस्त केल्या नाहीत.

घरी आल्यावर वहिनीने आम्हा दोघांना एकत्र येताना पाहिलं आणि म्हणाली, डोकेदुखी थांबली.

२१ मार्च, शनिवार

पुन्हा खालच्या वस्तीत गेले. शिंपीणबाईला एकोणतीस सांगितलं. त्या जुन्या कागदावरच्या सहीचं काय व्हायचं ते होईल. ज्याचं पाणी त्याला आकडा शेवटी कळावा, हे मला पटत नाही, एवढंच कारण. गाळणीचंही सांगितलं. तिला ते माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर पटलं. शिवणातही कात्रीने खाल्लेलं कापड कोणी गिऱ्हाइकाच्या अंगावर मोजत नाही, असं काहीतरी म्हणाली. उदाहरण तंतोतंत लागू नाही, पण मी सुधारलं नाही.

ब्याण्णवही सांगितले. तेव्हाही आठ उरतात. ते घ्यायचे का, हा प्रश्न माझ्या प्रयोगशाळेचा नाही, तिच्या समितीचा आहे. ती म्हणाली, "हे कागदावर दे. तोंडी सांगणारे पुष्कळ येऊन गेले."

पाटी खांबाला चारच बोल्टांनी बसवली आहे, काढायला जड नाहीत. मी नुसतं पाहिलं.

२३ मार्च, सोमवार

पत्र सकाळी दिलं. तिन्ही ठिकाणी पोच घेतली. बाईंना प्रत पाठवली नाही, रजेवर आहेत. लिहिताना विशेषणं आली होती, सहा. काढली. इथे उतरवून ठेवते.

प्रति,
संचालक

प्रत माहितीसाठी: रुग्णालय प्रशासन, पाणी समिती, खालची वस्ती

विषय: खजुराच्या बियांच्या कोळशाच्या टाकीबाबत

या टाकीतून वेदनाशामक औषधाचे शंभरातले एकाहत्तर भाग निघतात. आधी कळवलेला चौऱ्याण्णव हा आकडा चुकीचा आहे आणि प्रयोगशाळेची प्रभारी प्रमुख म्हणून मी तो मागे घेत आहे. आम्ही मोजण्यापूर्वी पाणी ज्या नायलॉनच्या गाळणीतून काढत होतो ती गाळणी स्वतः औषध शोषते. तुलनेचे पाणी आम्ही गाळत नव्हतो. ही चूक आमच्या प्रयोगशाळेची आहे. त्यात माझ्या मोजण्या आहेत.

कोळशाचा थर दुप्पट केल्यास ब्याण्णव भाग निघतात. त्यासाठी टाकीला वरचा भाग जोडावा लागेल. टाकीचे कंत्राटदार माझे बंधू आहेत. पुढील काम ते घेणार नाहीत, असे त्यांनी लिहून दिले आहे. तो कागद सोबत जोडला आहे. वरचा भाग कोणाकडूनही करून घेता येईल.

ब्याण्णव भाग निघाले तरी आठ उरतात. ते पाणी तलावात घ्यायचे की नाही, हे पाणी समितीने ठरवावे.

सर्व नमुन्यांच्या बाटल्या थंड कपाटात राखून ठेवल्या आहेत. बाहेरच्या कोणत्याही प्रयोगशाळेने त्या पुन्हा मोजाव्यात. मोजताना नायलॉनची गाळणी वापरू नये, किंवा तुलनेचे पाणीही त्याच गाळणीतून काढावे.

तोपर्यंत या टाकीच्या प्रमाणपत्रावर चौऱ्याण्णव या आकड्यासह माझी सही मिळणार नाही. माझी नेमणूक संपल्यावर दुसऱ्या कोणाची घेतली गेल्यास हे पत्र त्या प्रमाणपत्राला जोडावे.

३० मार्च रोजी व्हॉल्व्ह तलावाकडे फिरवणार आहात की नाही, एवढे एकच कळवावे. कारणे दिली नाहीत तरी चालतील. उत्तर लेखी असावे आणि ते शुक्रवार, २७ मार्च रोजी कार्यालय बंद होण्यापूर्वी मिळावे, ही विनंती.